सुईआधी मुलाशी काय बोलावं

परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयात मुलाला उपचारांसाठी घेऊन आलेले आईबाबा धीर देण्यासाठी म्हणतात, "काही दुखणार नाही." मग सुई टोचते, आणि पुढच्या खेपेला मूल दारातच आकांत करतं. खोटं बोलू नका.

पाच वर्षांच्या मुलाला त्याच सकाळी सांगा, दहा वर्षांच्याला आदल्या दिवशी: "टोचेल, थोडं दुखेल, मी हात धरून बसेन." त्वचा बधिर करणारं मलम मिळणार असेल तर ते साधारण तासभर आधी लावावं लागतं, म्हणून सिस्टरना वेळेत विचारा. हाताला सुई लावताना मुलाला आडवं दाबून धरण्यापेक्षा मांडीवर घ्या आणि साबणाचे फुगे फुंकायला द्या. लांब फुंकर मारताना श्वास आपोआप संथ होतो. पाठीतलं पाणी काढताना मात्र अजिबात हलून चालत नाही. तिथे डॉक्टर सांगतील तसंच.

आपण खोडी केली म्हणून हे झालं, असं लहान मुलांना खरंच वाटतं. त्यानं विचारलं नाही तरी सांगा: तुझी काही चूक नाही, हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. गावी आजीकडे राहिलेल्या भावंडालाही फोनवर हेच सांगा.

राहण्याची, पैशांची अडचण असेल तर वैद्यकीय समाजसेवकांना पहिल्याच आठवड्यात भेटा. उशीर केला की उपचार मध्येच सुटण्याची भीती असते.