गावाकडचं भाड्यानं दिलेलं घर दुसऱ्याच्या देखरेखीखाली ठेवताना

मालक पुण्याला किंवा नागपूरला आणि भाड्यानं दिलेलं घर विदर्भात दारव्हा-मोर्शीकडच्या एखाद्या गावात, असं असलं की घराकडं पाहायला जागेवरचा माणूस लागतोच. शहरात या कामाच्या एजन्स्या आहेत. खेड्यात माणूस आपणच शोधायचा आणि कामाची घडीही आपणच बसवायची. घराकडं लक्ष त्याचं, पण सही आणि भाड्याचा पैसा तुमचा, एवढं मात्र सुरुवातीलाच पक्कं करा.

पहिलं नाव पुतण्या-भाच्याचं सुचतं. त्याला हिशेब मागणं जड जातं, म्हणून शक्यतो टाळा. त्याच आळीत राहणारा, गवंडी-प्लंबर ओळखीचे असलेला माणूस बरा. निवृत्त शिक्षक किंवा वायरमन असेल तर उत्तम. किराणा दुकानदार दिवसभर जागेवर असतो खरा, पण भाडेकरूची उधारी त्याच्याच वहीत असेल, तर भाड्याबद्दल तो तोंड उघडत नाही.

मोबदला टक्क्यांनी ठरवू नका. 4,000 रुपये भाड्याचे दहा टक्के म्हणजे 400. तेवढ्यात छपराकडं कोण पाहील? शिवाय घर रिकामं झालं की टक्केवारीही बंद होते आणि रिकाम्या घराकडंच जास्त पाहावं लागतं. महिन्याची ठरावीक रक्कम द्या, घर भरलेलं असो की रिकामं. दुरुस्तीसाठी दिवसभर उभं राहावं लागलं तर त्या दिवसाची मजुरी वेगळी.

हे सगळं एका पानावर लिहून दोघांच्या सह्या करा. घराचा ताबा मालकाचाच आणि हा माणूस फक्त देखरेखीसाठी, हे वाक्य त्यात हवंच. आममुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) देऊ नका. भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी होते. मालक एका गावी आणि भाडेकरू दुसऱ्या गावी असले तरी आधार आणि अंगठ्यानं काम होतं, त्यामुळं तुमच्या वतीनं कुणी सही करायची गरजच उरत नाही. 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराला, ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी 500 रुपये, नगरपरिषद हद्दीत 1,000. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्यात मोजतात. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायचं काम देखरेखीच्या माणसाकडं सोपवता येतं.

वर्षातून एकदा ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा (घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा) उतारा काढा आणि भोगवटादाराच्या, म्हणजे घर वापरणाऱ्याच्या, रकान्यात भलतंच नाव चढलं नाही ना, ते पाहा. घरपट्टीची पावती तुमच्याच नावाची हवी.

भाडं थेट तुमच्या खात्यात येऊ द्या. माणसाजवळ 2,000 रुपये खर्चापुरते ठेवा. हजारापर्यंतचं काम त्यानं न विचारता करावं, त्यावरचं आधी फोटो पाठवून, बोलून. बिलाशिवाय पैसे नाहीत आणि बदललेला जुना पार्ट दाखवायचा, हे दोन्ही नियम पहिल्या महिन्यापासून पाळा; नंतर कधी मागायला गेलात तर "भाऊ, विश्वास नाही का?" हे ऐकावं लागतं. महावितरणच्या बिलाला तुमचा मोबाइल नंबर जोडून घ्या. भाडेकरूनं बिल थकवलं तरी जोडणी तुमच्या नावावरची कापली जाते.

आता खुद्द घर. कवेलूचं (कौलांचं) छप्पर असेल तर मे संपायच्या आत कवेलू फेरून, म्हणजे काढून नीट पुन्हा बसवून घ्या. जूनमध्ये पाऊस जवळ आला की फेरणारे सापडत नाहीत. माकडांचा कळप एकदा जरी छपरावरून गेला तरी फुटतूट होते, म्हणून पन्नासेक कवेलू जादा ठेवा, त्याच मापाचे. देशी (नळीच्या) कवेलूच्या छपरात इंग्रजी (चपटा) कवेलू बसत नाही, आणि बसवला तर नेमकं तिथूनच गळतं.

काळ्या मातीवरच्या भिंतीचं दुखणं निराळं. ही माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते आणि जुलैत दार चौकटीत अडकू लागतं. मेमध्ये ती भेग सिमेंटनं भरणं म्हणजे पैसे वाया. भेगेच्या टोकाशी पेन्सिलनं रेघ आणि तारीख टाकायला सांगा, दर दोन महिन्यांनी फोटो घ्यायला सांगा. रेघेपुढं सरकली तरच काळजी. खरा उपाय भिंतीपासून पाणी तोडण्याचा: मोरीचं सांडपाणी, कूलरचं गळणारं पाणी, पन्हाळीखालचं डबकं. भिंतीलगत तीनेक फुटांचा बाहेर उतार असलेला सिमेंटचा पट्टा घालून घ्या.

बोअरची मोटर गुणगुणते पण उचलत नाही, असा फोन आला की लगेच मोटर वर काढू देऊ नका. आधी वरच्या पॅनलमधला कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला लागणारा छोटा भाग) आणि व्होल्टेज तपासायला लावा. पुष्कळदा कपॅसिटरच गेलेला असतो आणि मोटर काढण्याची मजुरी वाचते. सागवानी चौकट जमिनीला टेकते तिथं वाळवीची मातीची नळी दिसते का, हे पावसाळा संपल्यावर पाहायला सांगा.

करारात एक अट विदर्भासाठी म्हणून घाला: खोलीत कापूस साठवायचा नाही. भाव पडला की वेचलेला कापूस घरातच थप्पी लावून ठेवला जातो. आगीची भीती आहेच, शिवाय त्यातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटते आणि पुढचा भाडेकरू घर पाहून परत जातो.

शिक्षक, नर्स, तलाठी हे इथले नेहमीचे भाडेकरू. बदल्या बहुतेक उन्हाळ्यात होतात आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळं जूनच्या अखेरीकडं उघडतात. घर सोडणार असल्याचं मे महिन्यातच विचारून ठेवायला सांगा. सोडण्याच्या दिवशी देखरेखीच्या माणसानं भाडेकरूसमोर व्हिडिओ काढायचा: मीटरचं रीडिंग, प्रत्येक पंखा चालवून, प्रत्येक नळ सोडून, कूलरचा पंप, संडासची टाकी भरते का. तो व्हिडिओ पाहिल्याशिवाय डिपॉझिट परत करू नका; आणि कपात करायची झाली तर रक्कम तुम्ही सांगा, त्याला सांगायला लावू नका. त्याला त्याच आळीत राहायचंय.

करात एक बारकावा: घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर सरसकट 30 टक्के सूट मिळते. माणसाचा पगार आणि दुरुस्ती त्या 30 टक्क्यांतच धरलेली आहे, वेगळी दाखवता येत नाही.