एमॉक जुळला, तरी आधी खोली बघा

समुद्राच्या मॉडेलवर काम सुरू केलं की जो तो एकच विचारतो, ‘तुझा एमॉक किती येतो?’ एमॉक म्हणजे अटलांटिकची उलथापालथ: वरचं उबदार पाणी उत्तरेला जातं, थंड होऊन बुडतं आणि खोलातून दक्षिणेला परततं. अटलांटिकमध्ये २६.५ अंश उत्तरेला २००४ पासून रॅपिड या प्रकल्पाची एमॉकची मोजणी चालू आहे. तिथली सरासरी साधारण १७ स्वेर्ड्रुप, म्हणजे सेकंदाला १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी. तुमच्या रनमध्ये, म्हणजे मॉडेल चालवल्यावर, १२ आले की जीव टांगणीला लागतो.

सापळा इथेच आहे. माझा बराच काळ त्यात गेला. उभ्या मिसळणीचा गुणांक थोडा वाढवला की एमॉक वाढतो, १७ च्या जवळ येतो, गाइडही खूश. पण त्याच दिवशी खोलीनुसार आलेख काढा. मोजणीत दक्षिणेकडे परतणारा प्रवाह जवळपास ४३०० मीटरपर्यंत पोचतो. कितीतरी मॉडेलांत तो ३००० च्या आसपासच संपतो.

कारण ग्रीनलंड आणि आइसलँडमधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीत आहे. तिथून थंड, जड पाणी उतारावरून खाली जातं. मॉडेलमधला उतार मात्र जिन्यासारखा. प्रत्येक पायरीवर ते पाणी शेजारच्या पाण्यात मिसळतं, हलकं होतं आणि तळ गाठण्याआधीच अडकतं. ही मिसळण जाळीमुळे, म्हणजे मॉडेल समुद्राचे जे चौकोनी तुकडे पाडतं त्यांच्यामुळे, होते. नेमलिस्टमध्ये (मॉडेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) तिचा गुणांक शोधू नका, तिथे तो नसतो. शिवाय बऱ्याच मॉडेलांत ग्रीनलंडच्या पश्चिमेचा लॅब्राडोर समुद्र गरजेपेक्षा खोल ढवळला जातो आणि आकडा सावरून धरतो. उत्तर अटलांटिकमधल्या ओस्नॅप प्रकल्पाच्या २०१४ पासूनच्या मोजणीत तर उलथापालथ मुख्यतः ग्रीनलंडच्या पूर्वेला दिसते.

घाबरू नका, मोठमोठ्या केंद्रांची मॉडेलंही इथे अडखळतात. एमॉक खोलीऐवजी पाण्याच्या घनतेच्या अक्षावर काढायला मात्र लगेच शिका. ग्रीनलंडजवळच्या त्या उत्तरेकडच्या अक्षांशांवर एकाच खोलीवर उबदार पाणी उत्तरेला आणि थंड पाणी दक्षिणेला जातं. खोलीचा अक्ष घेतला तर दोन्ही एकमेकांना खोडतात.

‘जाळी बारीक कर, सुटेल’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही. जाळी आडवी दहापट बारीक केली की टाइमस्टेपही (हिशेबाचं वेळेचं पाऊल) लहान होतो आणि खर्च हजारपटीच्या घरात जातो. पुण्याच्या अर्का या महासंगणकावर एवढा वेळ नवख्याला कोण देणार? आणि खोल समुद्र स्थिरावायला हजारो वर्षं लागतात, तेवढा रन कोण चालवणार?

म्हणून ५० वर्षांत दिसलेली घट हवामानबदलाची म्हणून सांगण्याआधी कंट्रोल रनमधला (हवामानबदल न घालता चालवलेल्या रनमधला) ड्रिफ्ट, म्हणजे मॉडेल स्थिरावलं नसल्याने आपोआप होणारी सरक, वजा करा. सेमिनारमध्ये पहिला प्रश्न त्यावरच येतो. आलेख सोबत असू द्या.