बीथोवन, माइल्स डेव्हिस आणि मेटालिका : तीन संगीतपरंपरांची तुलना कशी करावी

पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ आणि मेटल (कर्कश गिटारींवर उभा असलेला रॉक संगीताचा प्रकार) यांची तुलना निघाली की बहुतेक चर्चा अवघड कोणते आणि श्रेष्ठ कोणते, या दोन प्रश्नांपाशी येऊन थांबते. या प्रश्नांतून फारसे काही हाती लागत नाही, कारण या तिन्ही परंपरांमध्ये कलावंताचे कसब निरनिराळ्या जागी पणाला लागलेले असते. त्याऐवजी ऐकताना सतत एकच विचारावे : आत्ता कानावर पडलेला स्वर वाजवायचा, हे कोणी आणि केव्हा ठरवले? अभिजात संगीतात हा निर्णय संगीतकाराने कागदावर आधीच घेतलेला असतो. जॅझमध्ये त्याचा मोठा भाग वादकाकडे सोपवलेला असतो आणि तो ऐनवेळी घेतला जातो. मेटलमध्ये बँडने तालमीत मिळून घेतलेला निर्णय ध्वनिमुद्रणात पक्का होतो आणि पुढे ते ध्वनिमुद्रणच मूळ रचना मानले जाते.

सुरुवातीला प्रत्येक परंपरेतील एकच रचना निवडावी आणि तीच पुन:पुन्हा ऐकावी. माझी निवड अशी आहे : बीथोवनच्या पाचव्या सिम्फनीची पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला खंड (व्हिएन्ना, १८०८), ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या जॅझ संचाने १९५९ मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित केलेले ‘सो व्हॉट’ आणि मेटालिका या मेटल बँडचे १९८६ सालचे ‘मास्टर ऑफ पपेट्स’. तिन्ही रचना दहा मिनिटांच्या आत संपतात, त्यामुळे त्या एका बैठकीत लागोपाठ ऐकता येतात. मोबाइलच्या लहान स्पीकरवर मात्र ऐकू नये. त्यातून बासचे, म्हणजे खर्जातले, स्वर जवळजवळ नाहीसे होतात आणि ‘सो व्हॉट’मध्ये तर मुख्य धून बास हे खर्जाचे तंतुवाद्यच वाजवते. साधे हेडफोन पुरेसे आहेत. तिन्हींचा आवाज कानाने साधारण सारखा करून घ्यावा, कारण जे मोठ्याने वाजते ते अधिक दमदार वाटते आणि तुलना तिथेच बिघडते.

पहिल्या फेरीत रचनेचे बीज कोणते आणि त्याचे पुढे काय होते, एवढेच पाहावे. बीथोवनचे बीज चार स्वरांचे आहे : तीन आखूड आणि एक लांब. ते कळले की पुढे ते कोठे कोठे येते याचा माग काढावा. कधी ते व्हायोलिनांकडून व्हिओलांकडे जाते, कधी दुसऱ्या, मृदू धुनीखाली बासमध्ये हलकेच वाजत राहते, तर कधी त्याचे तुकडे होऊन दोन-दोन आणि मग एक-एक कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) उरतो. एवढ्याशा सामग्रीतून पाचशे बारची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) इमारत उभी राहिलेली ऐकताना मला आजही थक्क व्हायला होते. मेटालिकाच्या रचनेत असा माग काढू गेल्यास वेगळेच आढळते. तेथे बीज म्हणजे रिफ, गिटारीवर पुन:पुन्हा वाजणारा छोटा तुकडा, आणि रिफ सहसा विस्तारला जात नाही. तो पूर्ण जोराने पुन्हा वाजवला जातो आणि मग त्याच्या शेजारी दुसरा रिफ आणून ठेवला जातो. सुमारे साडेतीन मिनिटांनी सगळा गोंगाट थांबतो, स्वच्छ गिटारीची संथ धून सुरू होते, तिच्यावर बँडचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड याचा सुरेल सोलो, म्हणजे एकट्याचे वादन, येतो आणि तेथून रचना पायरीपायरीने पुन्हा कठोर होत जाते. येथे सौंदर्य बीजाच्या वाढीत नसून दोन विरुद्ध प्रदेशांमधल्या प्रवासात आहे. मेटल हे अभिजात संगीताच्या जवळचे आहे असे जे म्हटले जाते, ते आधी ठरवून बांधलेल्या दीर्घ रचनेपुरते खरे आहे; बीज फुलवण्याच्या पद्धतीपुरते नाही.

‘सो व्हॉट’साठी मराठी श्रोत्याजवळ एक तयार किल्ली आहे. पॉल चेंबर्सचा बास धून छेडतो आणि तिला दोन कॉर्डांचे उत्तर मिळते. ही देवघेव ३२ बारचे एक आवर्तन भरेपर्यंत चालते. त्यातील पहिले १६ बार ‘डी डोरियन’ या स्वरपंक्तीत आहेत आणि डोरियनचे स्वर म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर. पुढच्या ८ बारमध्ये तीच पंक्ती अर्ध्या स्वराने वर सरकते आणि शेवटच्या ८ बारमध्ये मूळ जागी परतते. धून चालू असताना आधार षड्ज गुणगुणत राहावे. सतराव्या बारला आपला ‘सा’ एकाएकी खुपू लागतो, तीच ती जागा. धून संपल्यावर डेव्हिस, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडरली, आणि पियानोवादक बिल एव्हान्स क्रमाने याच आवर्तनावर आपापले सोलो वाजवतात. सोलो ऐकतानाही ही सरकण्याची जागा ओळखता येऊ लागली की वादकाला किती मोकळीक आहे आणि कोणते बंधन आहे, हे एकदमच कळते. डेव्हिस मोजके स्वर घेऊन मध्ये मोकळ्या जागा सोडतो, तर कोल्ट्रेन त्याच चौकटीत स्वरांची गर्दी करतो. दोघांच्या हाती आराखडा मात्र एकच असतो.

दुसरी फेरी लयीची. पायाने ठेका धरून ऐकावे आणि पाय कोठे चुकतो ते पाहावे. बीथोवन चौथ्या स्वरावर लय थांबवून धरतो आणि ती किती वेळ धरायची हे संचालकाच्या हाती असते. जॅझमध्ये लय थांबत नाही, पण ड्रमवादक जिमी कॉबच्या राइड सिंबलवर (ठेका धरणाऱ्या झांजेवर) मात्रेचे दोन भाग समान पडत नाहीत. पहिला लांब, दुसरा आखूड, आणि त्या झोक्यालाच स्विंग म्हणतात. मेटालिकाच्या गाण्यात अंतऱ्याखालच्या रिफचा चौथा बार आखूड आहे. तीन बार चार-चार मात्रांचे मोजून होतात आणि चौथा पुरा होण्याआधीच रिफ पुन्हा सुरू होतो. ही चूक नाही. गाण्याला पुढे ढकलणारा धक्का तेथूनच मिळतो आणि सारा बँड तो दर वेळी एकत्र घेतो.

नादाच्या बाबतीत थोडक्यात एवढेच लक्षात ठेवावे की मेटलमधील गिटारीचा खरखरीत आवाज हा वरून दिलेला रंग नाही, रचनेचे नियमच त्याने बदलले आहेत. डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत केल्यामुळे, एकत्र वाजणाऱ्या स्वरांमधून आणखी स्वर निर्माण होतात, त्यामुळे षड्ज, गंधार, पंचम असा पूर्ण कॉर्ड गढूळ होतो; षड्ज-पंचम ही जोडी मात्र भक्कम राहते. म्हणून मेटलचे बहुतेक रिफ या जोडीवर उभे असतात. जॅझ पियानोवादकाच्या चार-पाच स्वरांच्या कॉर्डाशी त्यांची तुलना करून मेटलला ‘सोपे’ ठरवणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

तिसरी फेरी मला सर्वांत मोलाची वाटते. प्रत्येक रचनेची दोन सादरीकरणे घ्यावीत आणि त्यांत काय बदलले हे लिहून काढावे. बीथोवनसाठी संचालक ऑटो क्लेम्परर याने फिलहार्मोनिया वाद्यवृंदासह केलेले संथ, भारदस्त ध्वनिमुद्रण आणि जॉन एलियट गार्डिनर याने बीथोवनकालीन धाटणीच्या वाद्यांवर केलेले वेगवान ध्वनिमुद्रण ऐकावे. सुरुवातीचा भाग पुन्हा येतो तेव्हा अख्खा वाद्यवृंद थांबतो आणि एकटा ओबो (सनईसारखे फुंकवाद्य) एक छोटीशी, वाट चुकल्यासारखी ओळ वाजवतो. ती ऐनवेळी सुचल्यासारखी वाटते, पण दोन्हींकडे तेच स्वर ऐकू येतील, कारण बीथोवनने ते लिहून ठेवले आहेत. ‘सो व्हॉट’साठी डेव्हिसने फेब्रुवारी १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये दुसऱ्या संचासह केलेली मैफल घ्यावी : गती कितीतरी वाढलेली, सोलो पूर्णपणे नवे, आणि तरीही ३२ बारचा आराखडा शाबूत. मेटालिकाने १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर हेच गाणे वाजवले. त्यात रिफ जसेच्या तसे आहेत आणि वाद्यवृंद भोवती भर घालतो. माझ्या मते तेथे व्हायोलिनांचे हळुवार बोलणे बँडच्या आवाजाखाली दबते. पण दोन परंपरांना आवाजाची गरज किती वेगळी असते, हे दुसरीकडे इतके स्पष्ट कळणार नाही.

ध्वनिमुद्रणावरच विसंबू नये. मुंबईकरांना एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) येथे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकण्याची सोय आहे; हा वाद्यवृंद २००६ पासून कार्यरत आहे. ध्वनिवर्धकाशिवाय साठ-सत्तर वादक एकदम अगदी हळू वाजवतात, तो अनुभव हेडफोनवर मिळत नाही. एकच वादक दोन परंपरांत वावरू शकतो, याचेही उदाहरण आपल्या जवळचेच आहे. गोव्यात चर्चच्या शाळांमधून स्वरलेखन शिकलेले अनेक वादक मुंबईच्या हॉटेलांतील जॅझ बँडमध्ये वाजवत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदातही बसत. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले जाणारे ट्रम्पेटवादक आंतोनियो शाविएर वाझ यांनी सी. रामचंद्र यांच्याबरोबर केलेले काम त्यातलेच.

एवढे झाल्यावर पुढची जोडी म्हणून इंग्लिश संगीतकार होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंदरचनेतील ‘मार्स’ आणि ब्लॅक सॅबथ या मेटल बँडने १९७० साली काढलेले, बँडच्याच नावाचे गाणे लागोपाठ ऐकावे. बासवादक गीझर बटलर ‘मार्स’चा तुकडा वाजवत होता, त्यातून गिटारवादक टोनी आयोमीला या गाण्याचा रिफ सुचला. कारखान्यातील अपघातात बोटांची टोके गमावलेल्या याच आयोमीला पुन्हा गिटार हाती घेण्याचे बळ जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाच्या ध्वनिमुद्रिकेने दिले होते. राइनहार्टच्याही डाव्या हाताची दोन बोटे भाजून निकामी झाली होती. म्हणून तिसरी रचना राइनहार्टची घ्यावी आणि तिच्यावरही वरच्या तिन्ही फेऱ्या कराव्यात.