गुडघा बदलल्यावर पुन्हा ऑपरेशनची वेळ का येते? या चुका टाळा

माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याची तीन ऑपरेशनं झाली. पहिलं सांधा बदलायचं, दुसरं तो काढायचं, तिसरं पुन्हा नवा बसवायचं. पुढची दोन टळली असती, असं मला आजही वाटतं, आणि म्हणूनच हे लिहितेय.

पहिल्या ऑपरेशनला तीन वर्षं झाली होती. आई मजेत चालत होती. लावणीच्या दिवसांत ती चिखलात उतरली आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. "काय नाय गो, पावसात सगळ्यांकाच होतत," म्हणून तिने खोबरेल लावलं. आठवड्याभरात पाऊल लाल झालं, ताप आला आणि मग गुडघा गरम लागायला लागला. गावातल्या दवाखान्यातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. ताप उतरला, गोळ्या संपल्या, सूज परत आली. पुन्हा गोळ्या. असा महिना गेला.

ही सगळ्यात महाग पडलेली चूक. कृत्रिम सांधा धातूचा आणि प्लॅस्टिकचा, त्याला रक्तपुरवठा नसतो. चिखल्यांसारख्या जखमेतून रक्तात शिरून तिथे पोचलेले जंतू त्याला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. तो थर पक्का झाला की गोळ्या-इंजेक्शनं आतपर्यंत पोचत नाहीत. लक्षणं सुरू होऊन दोन-तीन आठवड्यांच्या आत रुग्ण पोचला, तर बऱ्याचदा सांधा उघडून धुतात, मधलं प्लॅस्टिक बदलतात आणि मूळ सांधा वाचू शकतो. उशीर झाला की सगळं काढावं लागतं. अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवतात, कित्येक आठवडे औषधं चालतात आणि मग नवा सांधा. आईचं तेच झालं. भरीला, आधीच्या गोळ्यांमुळे गुडघ्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतू सापडेना. नेमका कोणता जंतू हे कळल्याशिवाय नेमकं औषध कसं देणार?

म्हणून बदललेला गुडघा अचानक गरम झाला, सुजला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, तर सर्जनला विचारल्याशिवाय अँटिबायोटिकची एकही गोळी घेऊ नका. त्याच दिवशी फोन करा. आपल्याकडे मोठं हॉस्पिटल म्हणजे गोवा, कोल्हापूर नाहीतर मुंबई. गाडी, सोबत, खर्च, सगळं जमवेपर्यंत दिवस जातात, हे मी भोगलंय. तरी इथे दिवसच मोजायचे असतात. आणि चिखल्यांना किरकोळ समजू नका. गमबूट घाला, घरी आल्यावर बेचक्या कोरड्या पुसा, डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलम लावा. दाढेतला पू, लघवीची जळजळ, पायावरची चिघळलेली जखम यांनाही किरकोळ समजू नका.

ऑपरेशनच्या आधीच्या चुकाही असतात. साखर आटोक्यात नसताना "तारीख मिळालीय" म्हणून घाई करू नका. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर डॉक्टरांना दाखवा. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल, तर त्यानंतर निदान तीन महिने थांबतात, कारण संसर्गाचा धोका वाढतो. ते लपवू नका. तंबाखूचं विचारलं की आपल्या बायका "नाही" म्हणतात, कारण मशेरी त्यांच्या लेखी तंबाखूत मोडतच नाही. मोडते. निकोटिनने जखमेकडचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरायला वेळ लागतो. सर्जन वर्षाला असे किती सांधे बदलतात, हेही विचारा. सांधा तिरका बसला किंवा आजूबाजूच्या, हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचा (लिगामेंटचा) ताण सारखा राहिला नाही, तर तो लवकर ढिला होतो, आणि तिथे सरावाच्या हाताने फरक पडतो.

घरी आल्यावर गुडघ्याखाली उशी घेऊन झोपणं सुखाचं वाटतं. नका घेऊ. पाय वाकलेलाच राहतो आणि मग सरळ होत नाही. उशी घ्यायचीच तर टाचेखाली.

पडणं हे दुसरं मोठं कारण. सांध्याच्या टोकाशी हाड मोडलं की साधं प्लास्टर क्वचितच पुरतं. आमच्या घरी यायला जांभ्याची पाखाडी आहे आणि जूनपासून तिच्यावर शेवाळ धरतं. आता दर पंधरा दिवसांनी खराट्याने घासतो आणि एका बाजूने लोखंडी पाइपाचा कठडा लावलाय. हाडांची ठिसूळता तपासून घ्या, तिचं औषध मिळतं.

दुखत नाही म्हणून एक्स-रे चुकवणं ही तशी शांत चूक. प्लॅस्टिक झिजून त्याचे बारीक कण सुटतात, त्यांच्यामुळे सांध्याभोवतीचं हाड विरघळत जातं आणि बराच काळ काहीच जाणवत नाही. वेळेत दिसलं तर थोडक्यात भागतं. २०१९ साली 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकल्याचा अंदाज दिला आहे. म्हणजे टिकतो, पण बघत राहायला हवं. मुलं गणपतीला गावी येतात, त्यातला एक दिवस तपासणीला ठेवा. उलट, नुसतं दुखतंय म्हणून कारण न शोधता पुन्हा ऑपरेशनला होकार देऊ नका. कधी दुखणं कंबरेतून किंवा खुब्यातून आलेलं असतं.

आणि कागद. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी सर्जनने पहिलं विचारलं, "आत कोणत्या कंपनीचा सांधा आहे, कोणता साइज?" ते छापलेले स्टिकर ऑपरेशनच्या कागदांवर चिकटवलेले असतात. आमची फाइल माळ्यावर होती, दोन पावसाळ्यांनी कागद एकमेकांना चिकटले होते आणि स्टिकरवरची अक्षरं गेली होती. जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्डमधून माहिती मिळेपर्यंत आठ दिवस गेले, आणि तोवर आई सुजलेला गुडघा घेऊन पडून होती. डिस्चार्ज मिळेल त्याच दिवशी त्या स्टिकरचा फोटो काढा आणि घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये ठेवा.