पाण्यातलं शिसं रंगावरून ओळखताना या चुका टाळा

सोन्याच्या नॅनोकणांचं, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं, ताजं द्रावण माणकासारखं लाल दिसतं. कणांवर शिसं धरणारा रेणू बसवला, की शिशामुळे कण एकमेकांना चिकटतात आणि रंग जांभळा होत जातो. नुसत्या डोळ्यांनी निकाल कळतो, त्यामुळे या चाचणीवर चटकन विश्वास बसतो. माझाही बसला होता.

एका बोअरवेलचं पाणी घातलं आणि मिनिटभरात क्युवेट, म्हणजे तपासणीची छोटी पारदर्शक नळी, जांभळी. घरमालकाला सांगायला निघालोच होतो, पण आधी आयसीपी-एमएसवर, म्हणजे धातूंचं अगदी बारीक प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून घेतलं. शिसं पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या खूप खाली होतं. मग ऊर्ध्वपातित पाण्यात कॅल्शियम क्लोराइड घालून त्या बोअरवेलइतकंच जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, पाणी केलं. तोच जांभळा रंग! कण चिकटले होते ते क्षारांमुळे. तेव्हापासून असं शिसं नसलेलं जड पाणी शेजारी ठेवल्याशिवाय मी एकही नमुना तपासत नाही.

दुसरी चूक नमुना घेतानाच होते. शिसं बाटलीच्या आतल्या भिंतीला चिकटतं, म्हणून नायट्रिक आम्ल घालून पीएच 2 च्या खाली आणतात. हे बरोबरच आहे. पण तेच आंबट पाणी सरळ सेन्सरमध्ये, म्हणजे कणांच्या द्रावणात, ओतलं, तर आम्लानेही कण चिकटतात. आधी पीएच जागेवर आणा, आणि त्यासाठी फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं फॉस्फेटचं द्रावण) वापरू नका. फॉस्फेटबरोबर शिशाचा साका बसतो आणि मोजायला काही उरत नाही.

सोन्याच्या कणांऐवजी चमक विझण्यावर चालणारे सेन्सर असतील, म्हणजे शिसं भेटलं की ज्यांच्या रेणूची चमक कमी होते असे, तर तांब्याकडे लक्ष ठेवा. तांबंही चमक विझवतं, गढूळपणाही. शक्य असेल तिथे शिसं भेटल्यावर ज्याची चमक वाढते असा रेणू निवडा.

एककांचा घोळ तर मी सतत पाहतो. ‘एक मायक्रोमोलरपर्यंत ओळखतो’ हे ऐकायला भारी वाटतं, पण एक मायक्रोमोलर म्हणजे लिटरमागे 207 मायक्रोग्रॅम शिसं. आयएस 10500 : 2012 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे शिशाची मर्यादा आहे लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण 48 नॅनोमोलर. असा सेन्सर मर्यादेच्या वीसपट शिसं असलेलं पाणी जेमतेम ओळखेल, आणि ते पाणी कुणाचं तरी मूल पीत असेल.

म्हणून ज्या विहिरीचं पाणी तपासायचं, त्याच पाण्यात लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम शिसं मुद्दाम मिसळून बघा. आकडा तेवढाच वाढला नाही, तर त्या पाण्यासाठी रंग किंवा चमकेवरून शिशाचं प्रमाण काढायचा तुमचा आलेख पुन्हा काढावा लागेल.