पपायरस: पान बनवताना, रंगवताना आणि चित्र वाचताना या चुका टाळा

पपायरसला कागद समजून वागवले की बिघडायला सुरुवात होते. कागद लगद्याचा असतो, त्यातले तंतू सगळ्या दिशांना विखुरलेले असतात. पपायरसच्या पानात लगदा नसतोच. पपायरस नावाच्याच रोपाच्या दांड्यातल्या गराच्या पातळ पट्ट्या एका दिशेने मांडायच्या, त्यांवर काटकोनात दुसरा थर ठेवायचा आणि दाबायचे, एवढीच त्याची रचना. म्हणून पानाला दोन अंगे असतात आणि प्रत्येक अंगाला स्वतःची दिशा. पान का उकलले, शाई का पसरली, प्राचीन इजिप्तच्या लेखनिकाने गुंडाळीची नेमकी कुठली बाजू वापरली, या सगळ्याचे उत्तर त्या दोन थरांत सापडते.

रोपच वेगळे निघते

सायपरस पपायरस ही आपल्या लव्हाळ्याच्या आणि नागरमोथ्याच्या कुळातली पाणवनस्पती. आपल्याकडे नर्सरीत पपायरस मागितले की बऱ्याचदा ‘अंब्रेला पाम’ हातात ठेवतात. तेही सायपरसच, पण जात वेगळी. त्याच्या दांड्याच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी चपटी पाती असतात आणि दांडा बोटापेक्षा बारीक असल्याने गर जवळजवळ मिळतच नाही. खऱ्या पपायरसच्या टोकाला दोऱ्यासारख्या बारीक काड्यांचा भरघोस झुपका असतो. दांडा आडवा कापला तर काप स्पष्ट त्रिकोणी दिसतो, आणि चांगल्या वाढीचे रोप तीन-चार मीटरपर्यंत सहज जाते. पानासाठी बुडाशी किमान तीन सेंटिमीटर जाडीचा, हिरवा, पक्व दांडा घ्यावा. टोकाकडचा बारीक भाग टाकून द्यायचा. पिवळा पडलेला, वाळू लागलेला दांडा भिजवूनही कामाचा होत नाही, कारण त्याचा गर भुसभुशीत झालेला असतो आणि दाबल्यावर एकजीव होत नाही.

कापणे आणि भिजवणे

दांड्याचे ३५ सेंटिमीटरचे तुकडे करून हिरवी साल पूर्ण काढा. साल राहिली तर त्या रेषेवर पान पुढे उकलते. पांढऱ्या गराच्या दीड मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढायच्या. इथे जाडी कमी-जास्त झाली की पुढच्या कुठल्याच पायरीत ती चूक भरून निघत नाही. जाड पट्टीखाली दाब पोचतो, शेजारच्या पातळ पट्टीखाली पोचत नाही, आणि तिथला थर सुटा राहतो. पाते स्टेनलेस स्टीलचे वापरा. साध्या लोखंडी सुरीचा गंज ओल्या गरावर उमटतो आणि तो डाग घालवता येत नाही.

पट्ट्या स्वच्छ पाण्यात बुडवून वर वजन ठेवा आणि पाणी रोज बदला. गरात हवा असते, म्हणून सुरुवातीला पट्ट्या तरंगतात. वजन काढल्यावरही त्या तळाशीच राहू लागल्या की पाणी आतपर्यंत गेले असे समजावे. फिकट पानासाठी पाच-सहा दिवस पुरतात. जास्त दिवस ठेवल्यास रंग तपकिरी होत जातो. ‘प्राचीन’ दिसावे म्हणून काही कारखाने मुद्दाम तसे करतात, पण थडग्यांतली पपायरस नवी असताना बरीच फिकट होती. आजचा त्यांचा तपकिरी रंग काळाचा आहे. रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवले की नाईलचे गढूळ पाणीच गोंदाचे काम करते. त्यावर विसंबून पाण्यात माती, खळ किंवा डिंक घालणाऱ्यांचे पान कडक आणि ठिसूळ होते. आजचे पान साध्या स्वच्छ पाण्यातच तयार होते.

मांडणी आणि दाब: सर्वात जास्त पाने इथे वाया जातात

२० बाय ३० सेंटिमीटरच्या पानाचा हिशेब असा. पट्टी दोन सेंटिमीटर रुंद आणि शेजारच्या पट्टीवर दोन मिलिमीटर चढवलेली धरली, तर ११ आडव्या आणि १७ उभ्या पट्ट्या लागतात. प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना दीड-दोन सेंटिमीटर जास्तीची ठेवा आणि चार-पाच पट्ट्या राखीव असू द्या. मांडण्याआधी प्रत्येक पट्टीवरून लाटणे हलक्या हाताने फिरवून पाणी काढायचे. जोर केला तर गर चेचला जातो आणि ती जागा वाळल्यावर जाळीसारखी दिसते.

फळीवर सुती कापडाचे दोन-तीन पदर, त्यावर आडवा थर, त्यावर उभा थर, वर पुन्हा कापड आणि फळी. पट्ट्या नुसत्या कडेला कड लावून ठेवल्या तर वाळताना त्या आक्रसतात आणि उजेडात धरल्यावर फटी दिसतात. उलट पाच-सहा मिलिमीटर चढवल्या तर प्रत्येक जोडावर उंचवटा येतो आणि पुढे लेखणी तिथे अडखळते.

दाबासाठी १८ मिलिमीटरचे प्लायवूड आणि चारही कोपऱ्यांना शिकंजे हवेत. पुस्तकांचा ढीग पुरत नाही. पहिल्या दिवशी दर तीन-चार तासांनी कापड बदला, नंतर सकाळ-संध्याकाळ, एकूण पाच-सहा दिवस. पावसाळ्यात आणखी दोन दिवस धरावेत. बिघाड झालाच तर कारण बहुतेक वेळा पुढीलपैकी एक असते:

- काळे-हिरवे ठिपके: ओले कापड रात्रभर तसेच राहिले. ही बुरशी आहे, ती पुसून जात नाही. पान वेगळे काढा, कापडे उकळून घ्या.
- थर सुटणे: पट्ट्या मांडता मांडता वाळल्या, किंवा दाब उशिरा बसला. पान कोरडे असताना डिंक भरू नका. पुन्हा पूर्ण भिजवून दाबले तर काही वेळा जमते.
- पान वाकडे होणे: आत ओल असतानाच दाब काढला. पान गालाला लावून पाहा, गार लागले तर अजून ओल आहे.

उन्हात वाळवण्याचा मोह टाळावाच. वरचा थर आधी आक्रसतो, खालचा मागे राहतो, आणि दोघांची दिशा वेगळी असल्याने पान पन्हळीसारखे वळते.

लांब गुंडाळी हवी असेल तर पाने एक-दोन सेंटिमीटर एकमेकांवर चढवून पिठाच्या पातळ खळीने जोडतात. कुठले पान वर ठेवायचे ते लिखाणाच्या दिशेवर ठरते. इजिप्शियन लेखनिक उजवीकडून डावीकडे लिहीत, म्हणून उजवे पान वर असे आणि लेखणी जोडावरून पायरी उतरल्यासारखी खाली जाई. देवनागरी लिहायची असेल तर डावे पान वर घ्या, नाहीतर प्रत्येक जोडाला लेखणीचे टोक कडेत शिरेल. सगळ्या पानांचे आडवे तंतू एकाच बाजूला यावेत, आणि ती बाजू गुंडाळीच्या आत. फारोंच्या, म्हणजे इजिप्तच्या राजांच्या, काळातले मुख्य लेखन त्याच अंगावर सापडते. उभ्या तंतूंची बाजू आत घेतली तर गुंडाळताना आडवे तंतू बाहेरून ताणले जाऊन तडकतात.

शाई आणि रंग

शाई तंतूंच्या रेषेत पसरत असेल तर पान घोटलेले नाही असे समजा. पोथ्यांचा कागद घोटत तसेच अकीकाच्या किंवा गुळगुळीत गोट्याने, तंतूंच्या दिशेने, हलक्या दाबाने घोटावे. आडवे घासले तर तंतू उचकटतात. रबराने खोडण्याचाही तोच परिणाम होतो. काजळीची शाई पृष्ठभागावरच बसते, त्यामुळे चूक ओलसर कापडाच्या टोकाने टिपून काढता येते. प्राचीन लेखनिकही शाई पुसून दुरुस्ती करीत.

काळ्या शाईला काजळी, लालला गेरू, आणि बांधायला बाभूळवर्गीय झाडांचा डिंक. आपल्या पोथ्यांच्या शाईहून हे साहित्य फारसे वेगळे नाही. एक भाग डिंक दोन भाग पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या आणि रंगात थोडा थोडा मिसळा. डिंक जास्त झाला तर रंगाला चिरा पडतात आणि गुंडाळताना खपल्या निघतात. कमी पडला तर वाळलेला रंग कोरड्या कापसाला लागतो. कडेच्या फालतू भागावर ही कापसाची परीक्षा आधी करून घ्यावी.

पिवळ्यासाठी इजिप्शियन चित्रकार पिवळी माती वापरीत, आणि झळाळी हवी तिथे हरताळ. हरताळात आर्सेनिक असते आणि प्रकाशात तो फिका पडतो, म्हणून आज पिवळी मातीच वापरावी. तांब्याचे हिरवे रंगही टाळा. ते कालांतराने खालचे पान खातात, जुन्या गुंडाळ्यांत नेमक्या हिरव्या जागी भोके पडलेली दिसतात. निळा रंग मात्र त्यांनी स्वतः भट्टीत घडवला होता: वाळू, चुना, तांबे आणि क्षार एकत्र भाजून. जाड ॲक्रिलिकची गोष्ट सोडूनच द्या. ते पानावर प्लॅस्टिकच्या कातडीसारखे बसते आणि पहिल्याच गुंडाळीत सुटते.

चित्र वाचताना होणाऱ्या चुका

पपायरस म्हणजे धर्मग्रंथ, हे समीकरण पहिल्यांदा मोडायला हवे. सक्कारा येथे हेमाका या अधिकाऱ्याच्या थडग्यात सापडलेली सर्वात जुनी गुंडाळी कोरी आहे, पहिल्या राजवंशाच्या काळातली. लिहिलेल्यांपैकी सर्वात जुनी २०१३ साली तांबड्या समुद्राकाठच्या वादी अल-जर्फ येथे मिळाली. त्यात खूफू या राजाच्या काळातले हिशेब आहेत, आणि पिरॅमिडसाठी तुरा येथील खाणीतून गिझाला चुनखडी नेणाऱ्या मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशीही.

मृतासोबत थडग्यात ठेवला जाणारा ‘मृतांचा ग्रंथ’ हाही ठराविक ग्रंथ नव्हे. ते सुमारे दोनशे मंत्रांचे भांडार आहे, ज्यातून प्रत्येक गुंडाळीसाठी निवड होई. आज वापरात असलेले क्रमांक जर्मन अभ्यासक लेप्सियसने १८४२ मध्ये ट्युरिनच्या एका गुंडाळीवरून द्यायला सुरुवात केली. कारागीर मजकूर आधीच लिहून नावाची जागा मोकळी ठेवीत. अनी या लेखनिकाच्या २३ मीटरहून लांब पपायरसातही काही ठिकाणी नाव मागाहून भरलेले ओळखू येते. ती गुंडाळी पुढे ३७ तुकड्यांत कापली गेली, त्यामुळे एका तुकड्याला स्वतंत्र ‘चित्र’ समजून त्याचा अर्थ लावणे धोक्याचे आहे.

सर्वाधिक नक्कल होते ती १२५व्या मंत्राच्या, मृताचे हृदय तोलण्याच्या प्रसंगाची, आणि सर्वाधिक चुकाही त्यातच होतात. ‘हृदय पिसापेक्षा हलके निघाले पाहिजे’ असे सर्रास सांगितले जाते. मूळ चित्रांत पारडी समतोल असतात. एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात सत्य आणि सुव्यवस्थेची देवता मात हिचे पीस, आणि दोन्ही समान असणे हाच निकाल. मगरीचे तोंड, सिंहाचा पुढचा भाग आणि पाणघोड्याचा मागचा भाग असलेली अम्मित शेजारी ताटकळत बसते. तिला हृदय खाताना दाखवणारी प्रत बाजारू समजावी, कारण गुंडाळी ज्याच्यासाठी बनवली तो उत्तीर्ण होतो हे गृहीतच धरलेले असे. काटा अनुबिस हा देव पाहतो, नोंद आयबिस पक्ष्याचे डोके असलेला थॉथ करतो. अनीच्या तराजूवर बसलेले माकड शोभेचे नाही, तेही थॉथचेच रूप. नक्कल करणारे माकड गाळतात आणि थॉथच्या हातात लेखणीऐवजी दंड देतात, म्हणजे लेखनिकांचा देवच बिनकामाचा होतो. हुनेफर या लेखनिकाच्या पपायरसात होरस देव त्याला मृतांचा राजा ओसायरिस याच्यापुढे नेतो, आणि ओसायरिसच्या समोर उमललेल्या कमळावर होरसचे चार पुत्र छोट्या आकारात उभे असतात.

चित्रलिपीत साधारणपणे चिन्हांची तोंडे ज्या बाजूला, त्या बाजूने वाचायला सुरुवात करतात. या ग्रंथाच्या बऱ्याच गुंडाळ्यांत उभे स्तंभ मात्र उलट लावलेले असतात: तोंडे उजवीकडे, पण स्तंभांचा क्रम डावीकडून. हे लक्षात न घेता नक्कल छापली की मंत्र शेवटाकडून सुरू होतो. लाल शाई मथळ्यांची आणि सूचनांची. लाल मथळ्यात देवाचे नाव आले तर ते पुष्कळदा काळ्या शाईत लिहीत, आणि सूर्याचा शत्रू अपोफिस याचे नाव लाल. सजावटीसाठी लाल कुठेही शिंपडला की त्यांच्या लेखी तो दोषच.

कमळ आणि पपायरस यांची गल्लत तर मार्गदर्शकही करतात. कमळाच्या पाकळ्या टोकदार आणि सुट्या दिसतात. पपायरसचा झुपका घंटेसारखा पसरतो आणि बुडाशी छोटी आवरणे दाखवलेली असतात. इजिप्तमधल्या कर्नाक मंदिराच्या १३४ खांबांच्या सभागृहात मधले १२ खांब उमललेल्या झुपक्याचे आणि बाजूचे १२२ मिटलेल्या कळीचे. सगळे पपायरसचे, कारण मंदिर म्हणजे सृष्टीच्या आरंभीच्या दलदलीची प्रतिकृती. हाच दांडा चित्रलिपीत हिरवेपणाचे आणि टवटवीचे चिन्ह होता. हिरव्या दगडाचा छोटा पपायरस-खांब मृताच्या गळ्यापाशी ठेवण्याचे मंत्र ग्रंथात आहेत, १५९ आणि १६०. दलदलीच्या झाडीतच आयसिस देवीने आपल्या बाळ होरसला लपवले होते.

विकत घेताना आणि चौकटीत लावताना

कैरोच्या बाजारात केळीच्या किंवा उसाच्या पातीची नक्कल पपायरस म्हणून मिळते. पान उजेडात धरा: खऱ्यात आडव्या-उभ्या रेषांची जाळी दिसते. हलकेच वळवा: खरे लवचीक असते, नक्कल चटकन तडकते. जाळी दिसली तरी चित्र हाताने काढलेले असेलच असे नाही. भिंगातून छपाईचे ठिपके दिसतात का ते तपासा. ‘थडग्यातले अस्सल’ म्हणून कुणी विकत असेल तर लांबच राहा: ते खोटे असेल, किंवा इजिप्तच्या १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या पुरातत्त्व कायद्यानुसार देशाबाहेर नेणे गुन्हा ठरेल.

चौकटीत काच पानाला टेकू देऊ नका. चारही कडांना माउंटची पट्टी घालून तीन-चार मिलिमीटर अंतर ठेवा. पूर्ण पाठ चिकटवली तर दमट हवेत पान फुगते, सरकायला जागा नसते आणि थर फाटतात. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावल्या की पुरते. लॅमिनेशन नको. कोकणात किंवा मुंबईत बाहेरच्या भिंतीवर टांगणे टाळा, आणि पावसाळ्यानंतर एकदा चौकट उघडून मागे ओल धरली आहे का ते पाहून घ्या.