करवंटीपासून सच्छिद्र कार्बन करताना या चुका टाळा

करवंटीचा कोळसा, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, नळीची भट्टी आणि नायट्रोजनचा सिलिंडर. कोळशात हायड्रॉक्साइड मिसळून नायट्रोजनमध्ये तापवलं, की त्यात बारीक छिद्रं पडतात. एवढ्या सामानात कार्बन डायऑक्साइड शोषणारा कार्बन तयार होतो, म्हणून नवखे विद्यार्थी घाई करतात.

सगळ्यांत धोक्याची चूक भट्टी बंद केल्यावर होते. ७०० अंश सेल्सिअसच्या वर या प्रक्रियेत धातुरूप पोटॅशियम सुटतं आणि नळीच्या थंड टोकाशी राखाडी, चकचकीत थर होऊन बसतं. एकदा आमच्याकडे त्यावर थेट पाणी पडलं. चर्रकन आवाज झाला आणि जांभळट ज्वाळ उठली. तेव्हापासून नमुना नायट्रोजनमध्येच पूर्ण गार करतो. मग पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत आलेला ओलसर नायट्रोजन बराच वेळ सोडतो आणि बाहेर पडणारा वायू फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात) नेतो. चष्म्याशिवाय नळी उघडायची नाही, हे तर आलंच.

तापवण्यासाठी चिनी मातीची मूस (भांडं) वापरू नका, हायड्रॉक्साइड ती खातं. निकेलची घ्या. करवंटीवरचा काथ्या आणि माती खरवडून काढा, नाहीतर राख वाढते.

‘पृष्ठफळ (छिद्रांच्या आतल्या भिंतींसह एकूण पृष्ठभाग) जितकं जास्त तितकं चांगलं’ हा समज मात्र मुळातून काढायला हवा. खोलीच्या तापमानाला, साध्या दाबाला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतात ती साधारण ०.८ नॅनोमीटरहून अरुंद छिद्रं. कोळशाच्या चौपट हायड्रॉक्साइड घालून ८०० अंशांवर तापवलं, की पृष्ठफळाचा आकडा फुगतो, पण छिद्रं रुंदावतात आणि वायू कमी धरला जातो. दुप्पट हायड्रॉक्साइड आणि ६०० ते ७०० अंशांपासून सुरुवात करा. पाण्यातला रंग शोषायचा असेल, तर मिथिलीन ब्लूसारख्या रंगाचा रेणू मोठा, त्याला रुंद छिद्रं लागतात. दोन्ही कामांना एकच नमुना चालेल असं धरू नका.

धुण्यातही कसूर नको. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, मग गरम ऊर्ध्वपातित पाणी, गाळलेल्या पाण्याचा पीएच ७ च्या आसपास येईपर्यंत. क्षार (अल्कली) उरला तर छिद्रं बुजलेली राहतात. शिवाय कार्बन पाण्यातलं शिसं किती शोषतो या चाचणीत पाण्याचा पीएच चढतो, शिसं हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं आणि ते कार्बननं शोषलं असं वाटतं. म्हणून चाचणीआधी आणि नंतर पीएच मोजा.

मिथिलीन ब्लूचं द्रावण फिल्टर पेपरनं गाळू नका. कागद स्वतःच निळा होतो आणि तेवढा रंग कार्बनच्या खात्यात जमा होतो. वेगानं फिरवून कार्बन तळाशी बसवणारं सेंट्रिफ्यूज वापरा.